टाकीचे घाव आणि तीन पिएता

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाथरवटाच्या रोजच्या अनुभवातून ती जन्मली आणि संकटात सापडलेल्या माणसाला धीर देण्यासाठी ती आजही वापरली जाते. शिळेने घाव सोसले की तिची मूर्ती होते. माणसाने दुःख सोसले की तो मोठा होतो, असा तिचा आशय. ख्रिस्ती श्रद्धेच्या उजेडात मात्र ही म्हण उलट्या दिशेने वाचावी लागते. आपल्या श्रद्धेत घाव सोसतो तो प्रत्यक्ष देव, आणि ते त्याच्या वाट्याला येतात माणूसपण पत्करल्यामुळे. घाव सोसून देवपणाला चढण्याची ही वाट नाही; देवपणाचा अट्टाहास न धरता घावांपर्यंत उतरण्याची आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे सांगितले आहे, ते हेच.

मग मृत ख्रिस्ताची मूर्ती घडवू पाहणाऱ्या शिल्पकारापुढे एक अवघड पेच उभा राहतो. ज्याने सारे घाव आधीच सोसले आहेत, त्याला छिन्नीचे आणखी घाव घालून दगडातून बाहेर काढायचे असते. हे करताना शिल्पकार आपले कसब दाखवील की आपली श्रद्धा उघडी करील? मायकेलअँजेलो बुओनारोती (१४७५–१५६४) ह्या इटालियन कलावंताने हा पेच एकदा नव्हे, तीनदा स्वीकारला. मृत येशू आणि त्याची माता ह्यांच्या शिल्पाला ‘पिएता’ म्हणतात. ह्या इटालियन शब्दात करुणा आणि भक्तिभाव हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. मायकेलअँजेलोने पहिली पिएता तेविसाव्या वर्षी हाती घेतली, दुसरी सत्तरी ओलांडल्यावर, आणि तिसरीवर मृत्यूच्या उंबरठ्यावर असतानाही त्याची छिन्नी चालत होती. ह्या तिन्ही शिल्पांचा एकत्र विचार करावा, असा आमचा हेतू आहे. त्यांपैकी अधिक सुंदर कोणती, हा प्रश्न कलेच्या इतिहासकारांवर सोपवू. शोकात बुडालेल्या श्रद्धावंताशी कोणती मूर्ती खरे बोलते, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

शुभवर्तमानात नसलेला प्रसंग

चारही शुभवर्तमाने चाळली तरी मृत येशू मातेच्या मांडीवर विसावल्याचे वर्णन कोठेही सापडत नाही. माता क्रुसाजवळ उभी होती, असे संत योहान सांगतो. अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे जाऊन शव मागतो. पूर्वी रात्रीच्या वेळी येशूकडे आलेला निकोदेम गंधरस व अगरू घेऊन येतो. शव वस्त्रांत गुंडाळून कबरेत ठेवले जाते. क्रुसावरून उतरवणे आणि कबरेत ठेवणे ह्यांच्या मधल्या क्षणाविषयी शुभवर्तमानकार मौन बाळगतात.

ते मौन ख्रिस्ती भाविकांच्या अंतःकरणाने भरून काढले आहे. पोटच्या गोळ्याला मूठमाती देण्यापूर्वी आई त्याला एकवार कवेत घेणारच, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नव्हती. आपल्या क्रूसाच्या वाटेचे तेरावे स्थान ह्याच क्षणाशी आपल्याला थांबवते. गोव्यातील जुन्या चर्चमध्ये खांद्यापाशी हात दुमडता येणाऱ्या ख्रिस्तमूर्ती आहेत. पवित्र शुक्रवारी त्या क्रुसावरून हळुवार उतरवल्या जातात, तेव्हा मंदिरात पसरणारी शांतता ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ह्या विषयाचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको.

शिल्पकलेत हा प्रसंग प्रथम अवतरला तो इटलीत नव्हे, जर्मन प्रदेशात, इ. स. १३००च्या सुमारास. पवित्र शुक्रवारच्या सायंप्रार्थनेच्या वेळी ह्या मूर्तींसमोर चिंतन होत असे. बॉन शहरातील संग्रहालयात ‘रोएटगेन पिएता’ नावाची त्या काळातील एक लाकडी मूर्ती आहे. तिची उंची जेमतेम ८९ सेंटिमीटर. तिच्यातला ख्रिस्त पाहवत नाही. मान मागे कलंडलेली, फासळ्या उघड्या पडलेल्या, हातापायांच्या जखमांतून रक्ताच्या गाठी द्राक्षांच्या घोसांसारख्या बाहेर आलेल्या. मातेच्या चेहऱ्यावर शांती शोधू जावे तर ती तेथे नाही. आहे तो सुन्नपणा, आणि त्याच्या आड जवळजवळ संताप. तो अनामिक कारागीर दुःखाला कोणतीही सवलत देत नाही. ही मूर्ती घडली त्यानंतर काही दशकांतच, १३४७ ते १३५१ ह्या काळात, प्लेगच्या साथीने युरोप उजाड केला. अशा मूर्तींपुढे गुडघे टेकणाऱ्यांच्या घरात मरण पाहुणे म्हणून येत नव्हते, मुक्कामालाच होते. मूर्ती त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलत होती.

तेविसाव्या वर्षीचे सौंदर्य

ह्या पार्श्वभूमीवर मायकेलअँजेलोची पहिली पिएता पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण एकदम जाणवते. २७ ऑगस्ट १४९८ रोजी फ्रेंच कार्डिनल ज्याँ द बिल्हेर ह्यांच्याशी तिचा करार झाला. मोबदला ४५० सुवर्ण डुकाट, मुदत एक वर्ष. तरुण शिल्पकाराच्या वतीने याकोपो गाल्ली नावाच्या रोमन सद्‌गृहस्थाने हमी दिली की, रोममध्ये आज असलेल्या संगमरवरी कामांत हे सर्वांत सुंदर ठरेल. इतकी धाडसी हमी क्वचितच कोणी दिली असेल, आणि इतकी तंतोतंत क्वचितच कोणी पाळली असेल. कार्डिनल महोदयांच्या थडग्याजवळ हे शिल्प बसवायचे होते. १४९९ साली ते स्वतःच प्रभूघरी गेले आणि शिल्प त्यांच्या समाधीपाशी उभे राहिले. आज ते संत पेत्राच्या महामंदिरात, प्रवेश करताच उजव्या हाताच्या पहिल्या कपेलमध्ये आहे.

कारारा येथील एकाच पाषाणखंडातून हे शिल्प कोरले आहे. त्याची उंची १७४ सेंटिमीटर आणि रुंदी १९५ सेंटिमीटर. त्यातील मूळ अडचण लक्षात घेतली पाहिजे. पूर्ण वाढलेल्या पुरुषाचे शव एका स्त्रीच्या मांडीवर आडवे ठेवायचे, आणि तरी ते ओझे वाटता कामा नये. मायकेलअँजेलोने मातेची वस्त्रे घड्याघड्यांनी विस्तीर्ण केली आणि त्या घड्यांच्या आड तिची मांडी रुंद करून घेतली. ही माता उभी राहिली तर तिच्या पुत्राहून कितीतरी उंच भरेल. परंतु बसलेल्या स्थितीत ते आपल्या ध्यानातही येत नाही. लेकरू केवढेही मोठे होवो, आईच्या मांडीत ते मावते, ही आपली नित्याची भावना शिल्पकाराने मापातील ह्या फरकाने खरी करून दाखविली आहे.

तिच्या हातांकडे पाहावे. उजव्या हाताने ती पुत्राला खांद्याखाली सावरते, परंतु तिची बोटे आणि त्याचा देह ह्यांच्यामध्ये वस्त्राची घडी आली आहे. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी धर्मगुरू खांद्यावरील वस्त्राने हात झाकून मग पवित्र साक्रामेंताचे पात्र उचलतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. येथेही तोच आदर आहे. डावा हात मोकळा आणि तळवा वर केलेला. तो हात काही मागत नाही, काही नाकारतही नाही. ‘हा पाहा’, एवढेच जणू तो म्हणतो. मातेची मांडी येथे वेदी झाली आहे.

मातेचा चेहरा इतका तरुण का, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. तेहतीस वर्षांच्या पुत्राची आई ही विशीतली युवती कशी? शिल्पकाराचा शिष्य आणि चरित्रकार कोंदिवी ह्याने गुरूचे उत्तर नोंदवून ठेवले आहे. निर्मळ आयुष्य जगणाऱ्या स्त्रीचे तारुण्य अधिक काळ टिकते, मग जिला पापाचा स्पर्शही झाला नाही तिचे का टिकू नये, असा त्याचा आशय. उत्तर चतुर आहे आणि श्रद्धेला धरून आहे.

तरीसुद्धा एक शंका उरते, आणि ती बोलून दाखविणे आम्हांला आवश्यक वाटते. ह्या मूर्तीत जखमा जवळजवळ दिसत नाहीत. ख्रिस्त गाढ झोपल्यासारखा आहे, मातेच्या डोळ्यांत अश्रू नाही, केसाची बटही विस्कटलेली नाही. पवित्र शुक्रवारच्या दुपारी असे कोणतेही घर असत नाही. धर्मग्रामात काम करताना मृत्यू झालेल्या घरात आम्हां धर्मगुरूंचे नेहमी जाणे होते. तरुण मुलगा गमावलेली आई ओसरीवर बसलेली असते. भोवतालची माणसे तिला सांगत असतात की, रडू नकोस, देवाची इच्छा. तो आता देवाजवळ आहे. ह्या वाक्यांत असत्य काही नाही. परंतु ती फार लवकर उच्चारली जातात. पहिल्या पिएतेचे सौंदर्यही असेच थोडे लवकर येणारे सांत्वन आहे. रोएटगेनच्या अनामिक कारागिराने जे पाहण्याचे धैर्य केले, ते तेवीस वर्षांच्या ह्या अलौकिक प्रतिभावंताने संगमरवराच्या झळाळीत विरघळवून टाकले.

न्यायाने बोलायचे तर ह्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे सौंदर्य पुनरुत्थानाच्या दिशेने पाहणारे आहे. मृत्यू ह्या देहाला कुरूप करू शकला नाही, अशी ही दगडातील साक्ष आहे. उत्सवाच्या दिवशी ती साक्ष आपल्याला हवीच असते. प्रश्न एवढाच की, ज्याच्यासाठी पुनरुत्थानाचा रविवार अजून उजाडलेला नाही, त्याने कोठे पाहावे?

ह्या मूर्तीवर एक स्वाक्षरी आहे. मातेच्या छातीवरून तिरकस गेलेल्या पट्ट्यावर मायकेलअँजेलोने आपले नाव लॅटिनमध्ये कोरले. असे नाव त्याने दुसऱ्या कोणत्याही शिल्पावर घातले नाही. काही प्रवासी हे काम मिलानच्या एका शिल्पकाराचे असल्याचे बोलताना ऐकून त्याने रात्री येऊन ते कोरले, अशी कथा वासारीने सांगितली आहे. कथेतला तरुणपणाचा अभिमान आपण समजू शकतो. परंतु स्वाक्षरीतले क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. ‘केले’ असे त्याने लिहिले नाही. ‘करीत होता’ असे अपूर्ण काळाचे रूप वापरले. प्राचीन ग्रीक कलावंत आपले काम कधीच पुरे झाले नाही हे दर्शविण्यासाठी असे लिहीत, असे रोमन ग्रंथकार प्लिनीने नोंदविले आहे. सर्वांगपरिपूर्ण अशा मूर्तीवर अपुरेपणाची ही कबुली! त्या वेळी तो कदाचित विद्वत्तेचा नखरा असेल. पुढच्या पासष्ट वर्षांनी त्या क्रियापदाला खरा अर्थ आणून दिला.

फोडलेली मूर्ती

१५४७ साली मायकेलअँजेलो बहात्तर वर्षांचा होता. संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामाची जबाबदारी नुकतीच त्याच्यावर आली होती, आणि ती त्याने देवाच्या प्रीत्यर्थ, वेतनाविना पत्करली होती. त्याच वर्षी त्याची जिवलग आध्यात्मिक मैत्रीण, कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना मरण पावली. साधारण ह्याच सुमारास त्याने दुसरी पिएता हाती घेतली. हे काम कोणी सांगितले नव्हते. करार नव्हता, हमीदार नव्हता. आपल्या स्वतःच्या थडग्यासाठी तो ही मूर्ती घडवीत होता. रात्री झोप येत नसे, तेव्हा जाड कागदाची टोपी करून तिच्यावर चरबीची मेणबत्ती लावून तो काम करी, असे वासारी सांगतो. हात मोकळे राहावेत आणि उजेड मात्र दगडावर पडावा, अशी ती सोय.

आता फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या संग्रहालयात असलेल्या ह्या शिल्पाची उंची २२६ सेंटिमीटर आहे. त्यात चार आकृती आहेत. ख्रिस्ताचा देह मांडीवर आडवा नाही; तो खाली घसरत चालला आहे, गुडघ्यातून दुमडला आहे. एका बाजूने माता त्याच्या मस्तकाला आपले मस्तक टेकवते. दुसऱ्या बाजूला मरिया माग्दालेना आहे. आणि सर्वांच्या मागे, वर, डोक्यावरून वस्त्र घेतलेला एक वृद्ध उभा राहून हा सारा भार तोलून धरतो. हा निकोदेम. काही अभ्यासक त्याला अरिमथाईकर योसेफ मानतात. त्याचा चेहरा वृद्ध मायकेलअँजेलोचा स्वतःचा आहे, हे त्याच्या समकालीनांनीच लिहून ठेवले आहे.

तरुणपणी त्याने मातेच्या छातीवर आपले नाव कोरले होते. म्हातारपणी नाव गेले आणि त्याच्या जागी चेहरा आला. तोही ख्रिस्ताच्या मागे, शव उचलणाऱ्याचा. कलावंताच्या श्रद्धायात्रेतील हे अंतर आम्हांला फार मोठे वाटते. निकोदेम हा रात्री येणारा माणूस होता. म्हाताऱ्याने पुन्हा जन्म कसा घ्यावा, हा त्याचा प्रश्न. त्याला उत्तर मिळाले, पण ते कळायला त्याला क्रुसाखाली यावे लागले. निकोदेम शिल्पकार होता अशी एक जुनी दंतकथाही युरोपात प्रचलित होती. रात्री मेणबत्तीच्या उजेडात दगडाशी झुंजणाऱ्या वृद्धाने त्याच्यात स्वतःला पाहिले, ह्यात नवल नाही.

मग १५५५च्या सुमारास त्याने ही मूर्ती फोडली. दगड कठीण होता, छिन्नीखाली ठिणग्या उडत, त्यात चिरा होत्या. शिवाय ‘आता हे संपवा’ म्हणून नोकर उर्बिनो टुमणे लावीत असे. वासारी ही सर्व कारणे देतो. पुढे फुटलेले तुकडे फ्रांचेस्को बांदिनी ह्या सावकाराकडे गेले आणि तिबेरिओ काल्कान्यी ह्या तरुण शिल्पकाराने ते जोडले. माग्दालेनेची आकृती त्याने गुळगुळीत करून पुरी केली. आज तीच एक आकृती त्या समूहात परकी वाटते. तिचा चेहरा नीटनेटका आहे आणि काही सांगत नाही. ख्रिस्ताचा डावा पाय मात्र नाहीच. २०१९ ते २०२१ ह्या काळात मूर्तीची स्वच्छता व तपासणी झाली, तेव्हा दगड कारारा येथील नसून सेरावेत्सा येथील खाणीतला असल्याचे आढळले, आणि त्यातील बारीक चिराही स्पष्ट झाल्या. म्हणजे दगड खरोखरच साथ देत नव्हता.

श्रद्धेच्या दृष्टीने ह्या फोडण्याचा अर्थ काय? काहींनी त्यात नैराश्य पाहिले, काहींनी संताप. आम्हांला त्यात एका श्रद्धावंताची असोशी दिसते. स्वतःच्या मरणासाठी घडविलेली मूर्ती आपण म्हणू तशी होत नाही, हे त्याला सोसले नाही. आपणही आपल्या श्रद्धेची एक मूर्ती मनात घडवितो. आजार येतो, मुलगा दुरावतो, प्रार्थनेला उत्तर मिळत नाही, आणि त्या मूर्तीत चिरा दिसू लागतात. कित्येक जण तेथेच थांबतात आणि चर्चची पायरी पुन्हा चढत नाहीत. मायकेलअँजेलो थांबला नाही. त्याने दुसरा दगड घेतला.

कोण कोणाला सावरते?

तिसरी पिएता रोमच्या ज्या वाड्यात पुढे होती, त्या वाड्याच्या नावाने तिला ‘रोन्दानिनी पिएता’ म्हणतात. १९५२ साली मिलान नगरपालिकेने ती विकत घेतली. तेथील स्फोर्झा किल्ल्यातील एका जुन्या रुग्णालयाच्या दालनात २०१५ पासून ती उभी आहे. उंची १९५ सेंटिमीटर. ह्या दालनात शिरताना मूर्तीची पाठ प्रथम दिसते. तिला वळसा घालूनच समोर यावे लागते.

ह्या मूर्तीवर त्याने सुमारे १५५२–५३ पासून काम केले आणि मध्येच तिचे पहिले रूप मोडून नवे सुरू केले. पहिल्या रूपातील ख्रिस्ताचा एक घोटीव हात अजून बाजूला सुटा उभा आहे, देहापासून तुटलेला. पायही पहिल्या रूपातलेच, गुळगुळीत. परंतु धड आणि मस्तक त्याने पुन्हा नव्याने काढले. आणि दगड उरला नव्हता, म्हणून ते काढले मातेच्या आकृतीतून. मातेच्या खांद्याच्या आणि छातीच्या दगडातून पुत्राचे मस्तक बाहेर आले. देहधारणेचे रहस्य शब्दांत सांगताना धर्मज्ञानाची पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. येथे ते छिन्नीच्या खुणांत दिसते: पुत्राचा देह मातेच्या देहातून घेतलेला आहे, जन्माच्या वेळी आणि मरणाच्या वेळीही.

माता बसलेली नाही, मागे उभी आहे, किंचित उंचावर. ती पुत्राला कोसळू देत नाही. दोन्ही देह सडपातळ, लांबट, एकमेकांत मिसळलेले. चेहरे अर्धवट, जणू धुक्यातून दिसावेत तसे. तरुणपणी ज्या हातांनी संगमरवराला रेशमासारखी झळाळी दिली, त्याच हातांनी आता दाती छिन्नीचे ओरखडे तसेच सोडले आहेत. आणि मूर्तीच्या एका बाजूला जाऊन पाहिले की एक विलक्षण गोष्ट घडते. माता पुत्राला धरून उभी आहे असे समोरून वाटते; बाजूने पाहताना वाटते की, खचलेली माताच पुत्राच्या पाठीवर विसावली आहे आणि तो मृत पुत्र तिला वाहून नेतो आहे.

कोण कोणाला सावरते? हा प्रश्न दगड सोडवीत नाही. आमच्या मते ह्या शिल्पाचे मोठेपण येथे आहे. जिवलगाचे शव धरून उभ्या राहिलेल्या माणसाला हा अनुभव ठाऊक असतो. आजारी नवऱ्याची वर्षानुवर्षे सेवा केलेल्या बायका अंत्यविधीनंतर सांगतात की, ‘मी त्यांना सांभाळत होते असे सगळे म्हणत, खरे तर त्यांच्यामुळेच मी उभी होते.’ श्रद्धेचेही तसेच आहे. आपण श्रद्धा धरून ठेवली आहे असे आपल्याला वाटते. एखाद्या कठीण रात्री कळते की, आपले हात केव्हाच सुटले होते आणि ज्याला आपण धरले होते तोच आपल्याला धरून होता.

१२ फेब्रुवारी १५६४, शनिवार. त्या दिवशी मायकेलअँजेलो दिवसभर ह्या मूर्तीपाशी उभा राहून काम करीत होता, असे त्याचा शिष्य दानिएले दा व्होल्तेरा ह्याच्या पत्रावरून कळते. १८ फेब्रुवारीला त्याने देह ठेवला. एकोणनव्वदावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. ‘करीत होता’ हे क्रियापद अशा रीतीने शब्दशः खरे झाले.

अपुरेपणाचे कौतुक किती करावे?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विसाव्या शतकातील रसिकांनी रोन्दानिनी पिएतेवर अपरंपार प्रेम केले, आणि त्यात आधुनिक रुचीचा वाटा मोठा आहे. खडबडीतपणा म्हणजे प्रामाणिकपणा आणि घोटीवपणा म्हणजे ढोंग, असे समीकरण मांडणे सोपे असते. तो अन्यायाचा निकाल होईल. मायकेलअँजेलोने ही मूर्ती मुद्दाम अर्धवट ठेवली, असे म्हणायला आधार नाही. मृत्यूने त्याचा हात थांबविला. आणखी वर्षभर आयुष्य मिळते तर त्याने ती घोटली असती, की पुन्हा मोडली असती, हे ठरविणारे आपण कोण?

म्हणून अपुरेपणाचे श्रेय शिल्पकाराच्या हेतूला देऊ नये. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाचे आयुष्य असेच मध्येच थांबणार आहे, एक सुटा हात बाजूला ठेवून. जे जमले नाही, जे मोडून पुन्हा सुरू केले, त्याच्या खुणा राहणार आहेत. त्या खुणांसकट आपण परमेश्वरापुढे उभे राहू शकतो काय? रोन्दानिनी पिएता ह्या प्रश्नाला होकार देते, आणि तो होकार तिच्या कर्त्याने योजलेला नसल्यामुळेच अधिक विश्वसनीय वाटतो. आयुष्याच्या उतरणीवर लिहिलेल्या आपल्या काव्यात मायकेलअँजेलोने चित्र वा शिल्प आता मनाला शांती देत नाही, क्रुसावर पसरलेल्या त्या बाहूंकडेच आत्मा वळतो, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. तरी त्याने छिन्नी ठेवली नाही. तिचा उपयोग बदलला. पूर्वी ती हमी पुरी करण्यासाठी चालत होती, आता ती प्रार्थनेसारखी चालू लागली.

एक ऐतिहासिक योगायोगही नोंदविण्याजोगा आहे. त्रेंत येथील धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांविषयीचा आदेश डिसेंबर १५६३ मध्ये संमत केला. म्हणजे ह्या वृद्धाच्या मृत्यूच्या अडीच महिने आधी. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो, ही ७८७ सालच्या निकेआ परिषदेची शिकवण तेथे पुन्हा सांगण्यात आली. त्याचबरोबर मंदिरांत अनुचित असे काही नसावे, असाही दंडक घातला गेला. पुढे त्याच मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ ह्या भित्तिचित्रातील उघड्या देहांवर वस्त्रे रंगविण्याचे काम दानिएले दा व्होल्तेराकडे आले. बरोबर ४०० वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि सर्व काळांतील व सर्व लोकांतील कलेला मंदिरात आदराचे स्थान दिले. दोन्ही परिषदांच्या मध्ये ही अर्धी मूर्ती उभी आहे, कोणत्याही नियमाने न घडलेली, आणि तरी दोन्हींना मान्य व्हावी अशी.

बर्लिनची आई

पिएता केवळ ख्रिस्ती भाविकांपुरती उरली नाही. जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झ हिचा पेटर हा मुलगा ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. १९३७–३८ मध्ये तिने मृत मुलाला गुडघ्यांमध्ये कवटाळून बसलेली आई घडविली. ते शिल्प लहानसे होते. १९९३ साली त्याची मोठी प्रतिकृती करून बर्लिनमधील ‘नॉये वाखे’ ह्या स्मारकात ठेवण्यात आली. छताला वर गोल उघडी जागा आहे. पाऊस आणि बर्फ त्या आईच्या अंगावर पडतो. युद्ध व जुलूम ह्यांच्या सर्व बळींसाठी ख्रिस्ती वळणाची ही मूर्ती कशी चालेल, छळछावण्यांत मारल्या गेलेल्या यहुदी बांधवांचे दुःख तिच्यात सामावते काय, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. तो आक्षेप रास्त होता, आणि ख्रिस्ती माणसाने तो नम्रपणे ऐकून घेतला पाहिजे. आपली प्रतिमा सर्वांच्या दुःखावर परस्पर लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरी ह्या आईकडे पाहताना जाणवते की, तिच्या मुलाला प्रभामंडळ नाही, जखमांच्या खुणा नाहीत, तिसऱ्या दिवसाचे वचन नाही. ती फक्त त्याला धरून बसली आहे. धरून बसणे हीसुद्धा एक प्रार्थना असते, हे रोन्दानिनीच्या मातेने आधी सांगितले होते. म्हणून ह्या दोघी आम्हांला बहिणी वाटतात.

आपल्या मंदिरांतील मूर्ती

रोमच्या यात्रेला जाणारे आपले धर्मबांधव पहिली पिएता काचेपलीकडून पाहतात. २१ मे १९७२ रोजी, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या दिवशी, एका मनोरुग्णाने हातोड्याने तिच्यावर घाव घातले. मातेचा डावा हात कोपरापासून तुटला, नाक फुटले, पापणीला इजा झाली. कुशल हातांनी ती पूर्ववत केली आणि पुढे बंदुकीची गोळी न भेदणारी काच बसविण्यात आली. ते आवश्यकच होते. पण घरोघरी आणि चर्चच्या अंगणात तिच्या ज्या पांढऱ्याशुभ्र प्रतिकृती दिसतात, त्यांच्यापुढेही आपण मनाने अशीच काच लावून ठेवलेली नाही ना, ह्याचा विचार व्हावा. दुःखी माता आपल्यासाठी शोभेची वस्तू झाली, तर शेजारच्या दुःखी मातेच्या ओसरीवर बसण्याचे बळ आपल्याला तिच्याकडून मिळणार नाही.

जुन्या चर्चची डागडुजी निघते, नवी ग्रोटो उभी राहते, तेव्हा मूर्तीची निवड बहुधा किंमत आणि चकाकी पाहून होते. धर्मग्रामातील जाणत्यांनी अशा वेळी एक प्रश्न आवर्जून विचारावा: ज्याचे घर काल उजाड झाले, तो माणूस ह्या मूर्तीपुढे गुडघे टेकू शकेल काय? तिने पहिल्या पिएतेसारखी त्याला पुनरुत्थानाची आठवण द्यावी, हे उत्तम. परंतु रोन्दानिनीसारखी ती त्याच्याबरोबर उभी राहणारीही असावी. आपल्या भागात लाकूड आणि दगड जाणणारे हात आहेत. त्यांना केवळ नमुना बरहुकूम उतरवायला न सांगता शुभवर्तमान वाचून, विचार करून घडवायला सांगितले, तर त्यांतून काय निघेल ह्याची आपल्याला कल्पनाही नाही.

येत्या प्रायश्चित्तकाळात क्रूसाची वाट करताना तेराव्या स्थानापाशी आपण थोडे अधिक थांबू या. प्रार्थना म्हणून होताच चौदाव्या स्थानाकडे वळण्याची आपल्याला घाई असते, कारण कबर ओलांडली की पुनरुत्थान जवळ येते. माता मात्र त्या स्थानी घाई करीत नाही. ती पुत्राला धरून उभी आहे, आणि आपल्यापैकी जे कोणी त्या दिवशी खचलेले असतील, त्यांना तिच्या शेजारी उभे राहायला जागा आहे.